ताईची अकरा अर्धवट विणकामं

ताई आमच्याकडे आली ती पंधरा दिवसांसाठी. तिच्या बाथरूमच्या छतातून वरच्यांचं पाणी ठिबकत होतं, छत फोडून नळ बदलायचे होते, आणि गवंड्याने "फार तर पंधरा दिवस, बाई" असा शब्द दिला होता. गवंड्याच्या शब्दावर विसंबणारी माणसं जगात असतात. माझी थोरली बहीण त्यातली.

येताना तिने दोन पिशव्या आणल्या. एक कपड्यांची, लहान. दुसरी फुगलेली, नाडीने आवळलेली. चहा होईपर्यंतही तिला धीर धरवला नाही. दुसरी पिशवी तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर उपडी केली. आतून लोकर पडली, सुया पडल्या आणि विणकामाचे तुकडे पडले. एका स्वेटरची नुसती पाठ. एक बाही, कोणत्या स्वेटरची ते तिलाही आठवेना. टाचेपर्यंत येऊन थांबलेला मोजा. एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला पिवळी संपली म्हणून नारिंगी झालेली टोपी. मी मोजलं. अकरा.

"बघ चिमणे," ताई म्हणाली, "तुझ्यासाठी काम आणलंय."

मी छप्पन्न वर्षांची आहे. चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं काम करते, दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू फिरवते. माझे केस पिकले, गुडघे बोलायला लागले, पण ताईच्या लेखी मी अजून चिमणीच.

आमच्यात हे लहानपणापासून चालत आलेलं. ताई सुरू करणार, मी संपवणार. आरंभशूर हा शब्द कुणीतरी ताईला पाहूनच काढला असावा. टाके घालायचे तर ताईनेच. सुरेख, एकसारखे, मोत्यांसारखे. पहिली वीतभर वीण अशी यायची की बघत राहावं. मग तिला काहीतरी दुसरं सुचायचं, आणि सुयांसकट ते माझ्या मांडीवर यायचं. पुढे ती शाळेत शिकवायला लागली, मुख्याध्यापिका झाली, निवृत्त झाली. मी मात्र तिच्या बाह्या जोडत राहिले. एक ना धड भाराभर चिंध्या, आणि त्या चिंध्या शिवायला मी.

"ताई, मला वेळ नाही," मी म्हटलं.

"घाई नाही गं," ती म्हणाली. "जमेल तसं कर."

तेवढ्यात तिची नजर मागच्या दाराकडे गेली.

आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तीन पायऱ्या उतरल्या की कपडे वाळत घालायची दोरी, एक लिंबाचं झाड, चार कुंड्या आणि उरलेलं गवत. मला ते तसंच आवडतं. संध्याकाळी दुकानातून आलं की मी पायरीवर बसते, डोळे मिटते, आणि कुठलाही स्क्रू दिसत नाही.

"केवढी जागा वाया घालवलीस!" ताई पायरीवरून म्हणाली.

माझा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढतो. तो इंजिनिअर नाही, इंजिनिअरने सांगितलेल्या रेघा ओढतो. ताई मात्र त्याला पहिल्यापासून 'इंजिनिअरसाहेब' म्हणते, आणि तेवढ्या एका शब्दावर तो तिच्यासाठी विहीरसुद्धा खणेल. रात्रीचं जेवण व्हायच्या आत दोघांनी चौकटीच्या कागदावर बागेचा नकाशा काढला होता. सहा वाफे. मधून जायला वाट. टोमॅटो, काकडी, घेवडा, भोपळा. भोपळ्यासाठी तर बाणसुद्धा दाखवला होता, वेलाने कुठल्या दिशेने जायचं याचा.

"पाणी कोण घालणार?" मी विचारलं.

"त्यात काय, दहा मिनिटांचं काम," ताई म्हणाली.

"कुणाची दहा मिनिटं?"

नवरा कागदावर रेघ ठळक करू लागला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मूग गिळून बसायचं असलं की हा पेन्सिल हातात घेतो.

पहिला वाफा ताईने स्वतः खणला, कडा सरळ, माती भुसभुशीत, बघत राहावं असा. दुसरा अर्धा खणला आणि तिची कंबर धरली. उरलेले साडेचार इंजिनिअरसाहेबांनी खणले. मग ती रोपवाटिकेत गेली आणि टोमॅटोची चाळीस रोपं घेऊन आली.

"चाळीस? आपण घरात तीन माणसं आहोत," मी म्हटलं.

"रोपवाटिकेवालाही हेच म्हणाला. दहा-बारा पुरेत म्हणे. पण अगं, काही मरतात ना."

एकही मेलं नाही. माझ्या नशिबी मरण्यासारखी रोपं कुठली यायला!

त्यानंतरचा माझा दिवसक्रम असा झाला. सकाळी सहाला झारी. मग डबा, मग दुकान. संध्याकाळी परत झारी, तण उपटणं, पानांखालच्या गोगलगायी वेचून डब्यात भरणं आणि कुंपणापलीकडच्या गवतात नेऊन सोडणं. तिथून त्या रात्रभरात परत यायच्या, बहुधा घरचा पत्ता पाठ करून. जेवणानंतर मोजा. टाचेपर्यंत आलेला मोजा म्हणजे सगळ्यात किचकट जागी सोडून दिलेला मोजा. ताई पलीकडे खुर्चीत बसून नवीन मफलरचे टाके घालत असायची.

"ताई, आधीचे अकरा आहेत ना?"

"ते तुझ्याकडे आहेत ना," ती म्हणायची. जणू तुझ्याकडे आहेत म्हणजे झालेच.

पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. गवंडी आता म्हणत होता की टाइल्स हव्या त्या रंगाच्या मिळत नाहीत. मी फोनवर त्याच्याशी बोलायचं म्हटलं, तर ताई म्हणाली, "कशाला, मला इथे काही त्रास नाही." मला वाटलं, प्रश्न तिच्या त्रासाचा नाहीच आहे. पण थोरल्या बहिणीला 'कधी जाणार' विचारायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग ती वाटायला लागली. वस्तू नव्हे, शब्द. शेजारी जुळ्या मुलींची आई राहते, चांगली बाई, नोकरी आणि दोन तान्ह्या मुली सांभाळताना नाकी नऊ आलेली. कुंपणावरून बोलता बोलता ताईने तिला सांगितलं, "दोघींना टोप्या आणि कोट आम्ही विणून देऊ." कंबर धरल्यापासून तिला व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला मोजे. पोस्टमनला हातमोजे, बोटं उघडी असलेले, म्हणजे त्याला पाकिटं धरता येतील. एक दिवस ती चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून दुकानात आली आणि खुर्चीत बसल्या बसल्या रांगेतल्या दोन बायकांना स्वेटर कबूल करून गेली. माझ्यासमोर. माझ्या हातात तिचा चष्मा होता आणि स्क्रूड्रायव्हर होता, म्हणून मी नुसता स्क्रू आवळला.

"आम्ही विणून देऊ, आम्ही विणून देऊ!" घरी आल्यावर मी म्हटलं. "ताई, तुझ्या 'आम्ही'त तू कधीच नसतेस, कळलं का तुला?"

"असं काय म्हणतेस? टाके मीच घालून देते ना."

पालथ्या घड्यावर पाणी.

एवढ्या सगळ्यात माझं स्वतःचं एकच काम होतं. एक शाल. करड्या-निळ्या रंगाची, जाळीची, इतकी बारीक की एक ओळ विणायला वीस मिनिटं लागत. ती लोकर मी तीन वर्षांपूर्वी घेतली होती, एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून, दुकान बंद करायच्या आठवड्यात. उरलेले सगळे गुंडे दिले त्याने, सात. तसली परत कुठे मिळाली नाही. शाल कुणासाठीही नव्हती. माझ्या स्वतःच्या खांद्यांसाठी होती. रविवारी दुपारी सगळे झोपले की मी ती कपाटातून काढायची, दोन ओळी विणायची आणि परत ठेवायची. दोन वर्षांत चार गुंडे विणून झाले होते. तीन उरले होते.

त्या शनिवारी दुकानात गर्दी होती. एका आजोबांनी सतरा फ्रेम लावून पाहिल्या आणि पहिली घेतली. पाय दुखत घरी आले, मागचं दार उघडलं, झारी उचलली. टोमॅटोची रोपं वाढून कोलमडायला लागली होती, काठ्यांना बांधायची राहिली होती. पाहते तर सगळी बांधलेली. चाळीसच्या चाळीस. सरळ ओळीत, प्रत्येकाला काठी, प्रत्येक काठीला छोटीशी फुलगाठ.

करड्या-निळ्या रंगाची.

मी जवळ गेले. बोटाने चाचपून पाहिलं. मग पायरीवर बसले.

ताई हात पुसत बाहेर आली. "बघितलंस? सगळी बांधून टाकली आज. इंजिनिअरसाहेबांनी काठ्या ठोकल्या."

"ही लोकर कुठून घेतलीस?"

"तुझ्या कपाटात होती, खालच्या खणात. सुतळीने देठ कापले जातात गं. ही कशी मऊ आहे. एकाही देठाला काचणार नाही बघ."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

"ती माझ्या शालीची लोकर होती," मी म्हटलं.

"एकच गुंडा घेतला. आणि थोडा दुसरा."

"दोन वर्षं विणतेय मी ती! ती लोकर आता मिळत नाही! तुला विचारावंसं वाटलं नाही? एकदा? फोन करून?"

"अगं, ती तशीच पडून होती ना, मला वाटलं..."

"पडून नव्हती! ठेवलेली होती! पडून असतं ते तुझं!" मी उभी राहिले होते. शेजारच्या जुळ्यांची आई कुंपणापाशी कपडे काढत होती, ती हळूच आत गेली. "अकरा कामं आणून टाकलीस माझ्या टेबलावर. अर्धी बाग खणलीस. अर्ध्या गावाला स्वेटर कबूल केलेस. आयुष्यात एक गोष्ट, एक, शेवटापर्यंत नेलीस का तू? आणि माझी एक गोष्ट शेवटाला येत होती तर ती कापून टोमॅटोला बांधलीस!"

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो म्हणाला, "दिसतंय मात्र छान."

त्याच्याकडे मी ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर तो दोन दिवस कचेरीत जादा वेळ थांबला.

ताई म्हणजे चाळीस वर्षं शाळेत वर्गाच्या वर्ग नुसत्या बघण्याने गप्प करणारी बाई, पण त्या दिवशी मान खाली घालून आत गेली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि त्याचाही राग आला.

चार दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे बोलायचो, पण नवऱ्यामार्फत. "इंजिनिअरसाहेब, हिला म्हणावं मीठ इकडे दे." "अहो, ताईला सांगा, गवंड्याचा फोन आला होता." मीठ तिच्या हातापासून वीतभर, माझ्या हातापासून वीतभर, आणि तो बिचारा मध्ये, टेनिसच्या पंचासारखी मान फिरवत. मी बागेत पाणी घातलं, पण टोमॅटोच्या ओळींकडे न बघता. रोपांचा काय दोष म्हणून घातलं.

ताई दिवसभर मागच्या पायरीवर बसून विणायची. एवढंच मला दिसत होतं. राखाडी मफलर, तिने आल्यावर सुरू केलेला. मी मनात म्हटलं, विण बाई, दोन दिवसांत माझ्या मांडीवर येईलच.

बुधवारी दुकानातली वीज गेली आणि मालकांनी दुपारीच घरी पाठवलं. मी मागच्या दाराशी आले. ताई पायरीवर पाठमोरी बसलेली. मफलर तिच्या मांडीवरून खाली गेला होता, पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी, आणि त्याचं टोक झारीत पडून भिजत होतं.

"हे काय आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं. अबोला होता हे विसरलेच मी.

"मफलर," ताई न वळता म्हणाली.

"कुणासाठी? जिराफासाठी?"

ती हसली नाही. सुया चालूच होत्या. "तू म्हणालीस ना, एक गोष्ट शेवटापर्यंत नेली नाही. ही नेतेय."

"अगं पण हा केव्हाच पुरा झालाय. दोन माणसांचे गळे झाकून उरेल. थांबव ना आता."

सुया थांबल्या. ताईने समोर भोपळ्याच्या वेलाकडे पाहिलं. इंजिनिअरसाहेबांच्या बाणाच्या बरोबर उलट्या दिशेने तो निघाला होता.

"थांबवायचं कसं ते येत नाही मला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे टाके बंद कसे करायचे ते येत नाही. सुईवरून काढायचे कसे. कधीच आलं नाही."

मला आधी वाटलं, चेष्टा करतेय. पण तिच्या मानेवरून कळलं की नाही. ताईला लाज वाटली की तिची मान ताठ होते.

"पण तू तर माझ्या आधी शिकलीस. आईने तुला आधी शिकवलं."

"टाके घालायला शिकवलं. सुलट-उलट शिकवलं. मग शेवट आला की आई म्हणायची, दे इकडे, तू अभ्यासाला बस. आणि तुला हाक मारायची."

ते मला आठवलं. मी अंगणात खेळत असायचे, आणि आतून हाक यायची. चिमणे, हात धू आणि इकडे ये, ताईचं बंद करून दे. ताई हुशार, ताईची परीक्षा, ताईला वेळ नाही. मला वेळच वेळ. मी किती वेळा डाव अर्धा सोडून आत गेले असेन! आईवरचा तो राग मी पन्नास वर्षं ताईवर काढत होते की काय, असं क्षणभर वाटून गेलं. पण लगेच शालीची आठवण झाली आणि म्हटलं, नाही, काही राग तिच्या स्वतःच्या कमाईचाही आहे.

"मग नंतर शिकायचं ना. पन्नास वर्षं होती."

"कुणाला विचारणार? शाळेत सगळ्या बायका म्हणायच्या, बाईंचं विणकाम किती सुंदर. त्यांना सांगू, की मला संपवता येत नाही?"

"मला विचारायचंस."

"तुला?" ती आता वळली. "तू मला मूर्खात काढलं असतंस."

काढलं असतं. मी वाद घातला नाही.

"मोबाईलवर बघितलं काल," ती म्हणाली. "त्यातली बाई फार भराभर करते. आणि मध्येच जाहिरात लागते."

मी तिच्या शेजारी बसले. मफलरचं टोक झारीतून काढून पिळलं. "दे इकडे," म्हणायला तोंड उघडलं होतं, ते बंद केलं.

"दोन टाके विण," मी म्हटलं. "नेहमीसारखे. हं. आता डाव्या सुईच्या टोकाने पहिला टाका उचल, आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे टाक."

"का?"

"का म्हणजे?"

"पहिलाच का? दुसरा पहिल्यावरून का नाही?"

"ताई, टाक गं तू!"

"मला तत्त्व कळल्याशिवाय येत नाही."

"तत्त्वबित्त्व काही नाही. टाक."

तिने टाकला. इतका घट्ट ओढला की कड गोळा झाली. मी उसवायला लावलं. पुन्हा केलं, आता मधला टाकाच सुटला आणि चार ओळी खाली घरंगळला. तो वर आणेपर्यंत चहाची वेळ टळून गेली. ती म्हणाली माझं समजावणं सदोष आहे. मी म्हटलं तिच्या कानात बोळे आहेत. ती म्हणाली चौथीच्या मुलाला असं शिकवलं असतं तर त्याने शाळा सोडली असती. मी म्हटलं तीच तर चौथीच्या मुलाचं डोकं घेऊन बसली आहे. बोलणं पूर्ववत सुरू झालं होतं एवढं खरं.

तिसऱ्या खेपेला जमलं. शेवटचा एक टाका उरला, तेव्हा मी सांगितलं की धागा काप आणि त्यातून ओवून घे. तिने कापला, ओवला, ओढला. सुई रिकामी झाली. ताई त्या रिकाम्या सुईकडे बघत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"एवढ्यासाठी मी..." आणि ती थांबली. मग मफलर गळ्याभोवती एक, दोन, तीन, चार वेढे घेऊन गुंडाळला, त्या उन्हात, आणि आत जाऊन इंजिनिअरसाहेबांची वाट बघत बसली. मी डोळे पुसले. घाम होता की काय ते मला माहीत नाही.

इथे गोष्ट गोड झाली असं कुणाला वाटत असेल तर थांबा. ताईला टाके बंद करता येऊ लागले, आणि त्यानंतर तिने दिसेल ते बंद करायला सुरुवात केली.

दोन दिवसांत अकरापैकी सात कामं 'पुरी' झाली. ज्या ओळीवर होती त्या ओळीवर. स्वेटरची पाठ तिने आहे तिथे बंद केली आणि म्हणाली, हे खुर्चीच्या पाठीला छान दिसेल. एकटी बाही दोन्ही बाजूंनी बंद केली, ती पाण्याच्या बाटलीला. मोजा तर मी टाच पार करून पंजापर्यंत आणला होता. सकाळी पाहते तर बोटांच्या जागी उघडाच बंद केलेला.

"हा माझ्याकडचा होता!" मी ओरडले. "तीन रात्री घातल्यात मी त्या टाचेत!"

"पुरा केला ना पण," ताई म्हणाली. "उन्हाळी मोजा आहे. बोटं मोकळी."

"जोडीचा दुसरा?"

"तो तू विण. उघडाच ठेव, म्हणजे जोडी जमेल."

मी कपाळावर हात मारला. पण खोटं कशाला बोलू, मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिच्या पिशवीत एक हिरवा पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता, पाठ, पुढचा भाग आणि बाह्या तयार, नुसता गळा राहिलेला. तो मी शेवटी करायचा म्हणून राखून ठेवला होता, चांगला घास शेवटी ठेवतात तसा. तिने त्याचा गळाही बंद केला. माझ्यासारखा आला नव्हता, पण वाईटही आला नव्हता. आणि मला चक्क हिरमुसल्यासारखं झालं. म्हणजे इतकी वर्षं मी त्रागा करत होते तो, आणि आता कुणी ते ओझं काढून घेतलं तर मीच 'माझं ओझं कुठे गेलं' म्हणून विचारणार! हे मी ताईला सांगितलं नाही. काही गोष्टी थोरल्या बहिणीला कळू द्यायच्या नसतात.

शालीचं सांगायचं राहिलं. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी परत आले तर टोमॅटोच्या काठ्यांवरच्या गाठी बदललेल्या होत्या. आता निळे पट्टे होते. ते नवऱ्याच्या रात्रीच्या पायजम्याचे निघाले, आणि बरा पायजमा होता तो. टेबलावर करड्या-निळ्या लोकरीचा एक गुंडा ठेवलेला. धुतलेला, वाळवलेला, आणि चाळीस तुकडे एकाला एक गाठ मारून जोडलेला. टोमॅटोच्या पानांचे हिरवे डाग काही गेले नव्हते.

"गाठी बारीक मारल्यात," ताई म्हणाली. "चष्मा लावून."

जाळीच्या शालीत एक गाठ दिसते. चाळीस गाठींचं काय करणार? मी म्हटलं, "हे नाही चालायचं गं." ओरडले नाही. ती म्हणाली, "मला वाटलंच." मग थोडं थांबून, "चुकलं माझं, चिमणे. विचारायला हवं होतं." मुख्याध्यापिकेच्या तोंडून 'चुकलं' ऐकायला छप्पन्न वर्षं थांबावं लागलं. मी झारी उचलली. उरलेल्या लोकरीत शाल जेवढी झाली तेवढी मी पुढच्या महिन्यात बंद केली. खांदे झाकतात. कोपरं उघडी राहतात.

गवंड्याने अखेर दहाव्या आठवड्यात काम संपवलं. टाइल्स हव्या त्या रंगाच्या नव्हत्याच. ताईची टॅक्सी आली तेव्हा तिने आधी कपड्यांची पिशवी ठेवली, मग दुसरी, आता सपाट झालेली. जुळ्यांचा एक कोट तिने स्वतः पुरा केला होता, दुसऱ्याचे टाके घातले होते. तो दुसरा माझ्या टेबलावर होता.

"ताई, हा?"

"तेवढा कर ना गं," ती म्हणाली. "दुसराही तसाच करायचा म्हणजे कंटाळा येतो मला."

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. ताईने काच खाली केली. "काकड्या उद्याच काढ. नाहीतर जून होतील. आणि टोमॅटोला पाणी कमी कर आता, लाल व्हायला लागलेत."

"हो."

"आणि मला पोचल्यावर फोन कर."

"पोचणार तू आहेस, ताई!"

टॅक्सी गेली. टोमॅटो खरंच लाल झाले, सगळे, एकाच आठवड्यात. चाळीस झाडांचे. मी दुकानात वाटले, शेजारी वाटले, पोस्टमनला दिले. हातमोज्यांबद्दल तो काही बोलला नाही. भिडस्त माणूस आहे.

त्या रविवारी दुपारी नवरा मागच्या पायरीवर चौकटीचा कागद घेऊन बसलेला दिसला. पेन्सिल चालू होती.

"ताईंचा फोन आला होता," तो म्हणाला. "पुढच्या हंगामाचं सांगत होत्या. लिंबाच्या पलीकडे आणखी एक वाफा बसतो, मोजून बघितलं मी."

मी कागदावर पाहिलं. सात वाफे. बाणासकट.

मी आत गेले, झारी आणली आणि त्याच्या मांडीवर, नकाशाच्या बरोबर मधोमध ठेवली. ती भरलेली होती.

"इंजिनिअरसाहेब," मी म्हटलं, "आधी हे सहा."